कुंपणावरची करवंदं

मंडईत हिरवी करवंदं हातात घेतली की बोटांना चीक लागतो आणि तळवड्याच्या आमच्या शेताचं कुंपण आठवतं. सत्तरच्या दशकात ती जमीन कारखान्यासाठी गेली. संमतीची सही करा म्हणून वडिलांच्या मागे मीच लागलो होतो. मला तिथे नोकरी हवी होती.

ताबा देण्याच्या आदल्या दिवशी आई लोणच्यासाठी करवंदं काढत होती. दरवर्षी ती निम्मी पिकायला ठेवायची. त्या दिवशी तिने सगळी जाळी रिकामी केली.

"अगं, थोडी ठिव की पिकायला," वडील म्हणाले.

"कुणाला? लेकाच्या सायबाला?"

मला नोकरी मिळाली. बरणी संपेपर्यंत आईने रोज माझ्या डब्यात तेच लोणचं घातलं. स्वतः कधी चाखलं नाही.