अण्णांच्या जगलीवरचा नकाशा

अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ चौथीत सुटले ते सुटलेच, तेव्हा कुणाच्या हाती हे कागद लागलेच तर सांभाळून घ्यावं. पण समोरच्या अण्णांबद्दल कुणीतरी लिहायला हवं. आमच्या चामराजपेटेत फोनमधला नकाशा आला त्याच्या कितीतरी आधीपासून अण्णा होते, आणि त्या नकाशाला अजून जमत नाही ते अण्णांना जगलीवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसल्या बसल्या जमत होतं.

बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांनी दुसरं काही केलं नाही, फक्त बघितलं. कुणाच्या पिशवीत कुठली भाजी, कुणाचे पाहुणे जेवून गेले आणि कुणाचे नुसत्या कॉफीवर, सगळं त्यांना ठाऊक. पत्ता विचारणाऱ्याला घराचा नंबर सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. "सरळ जा. मुलीचं लग्न मोडलं ते घर सोड. पुढे एकाच घराला दोन दारं दिसतील, भाऊ बोलत नाहीत एकमेकांशी, तिथे वळ." माणूस पत्ता शोधत यायचा आणि आमची सगळी भांडणं पाठ करून जायचा. माझ्या घराचीही खूण ठरलेली होती. "नवरा दुबईला गेला तो परत आला नाही, ते निळं दार." गॅसवाला, कुरियरवाला, सगळे ही खूण ऐकूनच दारात येत आणि सही घेताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत. मी मान खाली घालून दार लावून घ्यायची. अण्णांना बोलायचं धाडस गल्लीत कुणालाच नव्हतं, मला तर मुळीच नाही.

एके सकाळी टपावर खांब आणि खांबावर कॅमेरे लावलेली गाडी गल्लीतून गेली. अण्णा तेव्हा लाल चौकड्यांचा पंचा नेसून जगलीवर दात घासत होते. पुढे काही महिन्यांनी त्यांच्या माडीवरच्या भाडेकरूने, तो पुण्याचा, कॉम्प्युटरच्या कंपनीतला, फोनमधल्या नकाशावर त्यांना आपली गल्ली दाखवली. जगली दिसली, पंचा दिसला, पंच्याचं भोकसुद्धा दिसलं. तोंड मात्र पुसलेलं.

"काका, प्रायव्हसीसाठी चेहरा ब्लर करतात."

"तोंडाची मला कसली लाज? पंचा पुसायचा होता."

"पंच्यावरून कोण ओळखणार?"

"सगळी पेठ."

त्या दिवसापासून दुसऱ्याच्या घरात डोकावणं हे केवढं पाप, यावर अण्णा रोज जगलीवरून बोलू लागले, आणि बोलता बोलता माझ्या पिशवीत वाकून बघत. "आजही वांगीच का गं?" भाडेकरू म्हणाला, पुढे तर घरात काय शिजतंय तेही नकाशा सांगेल. अण्णांनी नाक वर केलं. "त्याला कॅमेरा कशाला? पलीकडे हुळी उकळतेय. सांबाराला चिंच जास्त झालीय."

शेवटी भाडेकरूने नकाशावाल्यांना कळवलं आणि अण्णांचं अख्खं घर फोनमध्ये धुकं होऊन गेलं. "आता ते परत दिसणार नाही हं काका, कायमचं गेलं." "सरी, बरं झालं," म्हणून अण्णा ते धुकं नातवाच्या फोटोसारखं सगळ्यांना दाखवत सुटले. मलाही बोलावून दाखवलं.

कुठून बळ आलं कोण जाणे. मी म्हटलं, "अण्णा, माझंही घर असंच पुसून द्याल?"

"त्यात काय. माडीवरच्या पोराला सांगतो."

"फोनमधलं राहू दे. तुम्ही पत्ता सांगता त्यातलं."

अण्णांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. मग "स्वल्प कॉफी देतेस?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर कुरियरवाला आला तेव्हा मी दाराआड होते. अण्णांनी सवयीने सुरुवात केली, "नवरा..." आणि थांबले. इतका वेळ थांबले की तो कंटाळून फोन काढू लागला. मग म्हणाले, "मोठी रांगोळी असते ते दार."

माझी रांगोळी तेव्हा बोटभर असायची. दुसऱ्या सकाळपासून मोठी काढू लागले.

आता अण्णा देवनहळ्ळीला मुलाकडे असतात. तिथल्या लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, सगळी घरं एकसारखी, आणि पत्ता विचारायला कुणी थांबत नाही म्हणे. इथेही थांबत नाही. फोनमधली बाई माणसाला नेमकी दारात आणून सोडते. तिला माझ्याबद्दल काहीच माहीत नाही. अण्णांचं घर फोनमध्ये अजून धुकंच आहे. मी बाजारातून येताना सवयीने जगलीपाशी पिशवी जरा पुढे धरते. वांगी असली तरी कुणी विचारत नाही.