ड्राइव्हच्या नाकात झेंडू

दुरुस्तीला आला की तो आधी मेन स्विच पाडायचा, पॅनेलचं दार उघडायचा आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. "आता कोणी हात लावायचा नाय. त्याच्या पोटात अजून करंट हाय."

मोटरचा वेग कमी-जास्त करणारी पेटी, म्हणजे ड्राइव्ह, वीज तोडल्यावरही थोडा वेळ आत वीज धरून असते. आतला लाल दिवा विझेपर्यंत तो थांबायचा. विझल्यावर मीटर लावून खात्री करायचा, मगच स्क्रूला हात. तोवर माझी लेथ बंद, कामगार तंबाखू मळत बसलेले आणि माझा आवाज चढत चाललेला.

"अरे, उघड म्हणतो ना!"

"शेठ, मग घरी माझ्या बायकोला तुम्ही सांगणार काय, मीच उघड म्हणालो होतो म्हणून?"

नाशिकच्या सातपूरला ज्यांचं वर्कशॉप आहे त्यांनी असा एखादा मिस्त्री पाहिला असेल. पण हा नाही. मी नांदगावहून रिकाम्या हाताने आलो आणि घासाघीस करत उभा राहिलो. लोखंडवाला असो की टेम्पोवाला, माझ्यापुढे कुणाचा पहिला भाव टिकलेला नाही. याचा टिकायचा. भाव सांगून तो मोबाइलवर सायखेड्याच्या आपल्या द्राक्षबागेचे फोटो बघत बसायचा. मी ओरडून दमलो की मान वर करायचा. "झालं का शेठ? मग उघडू?"

गर्व तर केवढा! "अख्ख्या नाशकात माझ्यासारखा दुसरा दाखवा," असं तो चहावाल्यालासुद्धा ऐकवायचा. ड्राइव्ह सारखा बंद पडतो म्हणून एकदा मी त्याची लोडची मर्यादा वाढवून द्यायला सांगितली, तर म्हणाला, "तो तक्रार करतोय शेठ. त्याचं तोंड कशाला दाबता? मोटर बघू." मोटरचं बेअरिंग गेलेलं निघालं. पुढे आठवडाभर तो तेच सांगत फिरला.

माझा त्याच्यावर राग आहे, तो दसऱ्यानंतरच्या दिवसापासून.

त्या दिवशी एका मोठ्या कारखान्याचे साहेब ट्रायल बघायला येणार होते. शाफ्टची कायमची ऑर्डर होती. त्या भरवशावर मी नवी लेथ घेऊन बसलो होतो. ऑर्डर हुकली असती तर लेथ विकायला काढावी लागली असती. साहेब आले, लेथ सुरू केली, आणि अर्ध्या कटावर ड्राइव्ह बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. शाफ्टवर ओरखडा. मी त्याला फोन केला.

तो आला, स्विच पाडला, हात मागे. साहेब घड्याळ बघतायत!

"साहेब खोळंबलेत रे," मी दात आवळून म्हणालो.

"साहेब, तुम्ही पण दोन पावलं मागं व्हा," तो म्हणाला.

मग तो पॅनेलच्या बाजूला गेला आणि हसायलाच लागला. आमच्या पोरांनी दसऱ्याची पूजा मनापासून केली होती. झेंडूचा जाडजूड हार नेमका पॅनेलच्या पंख्याच्या जाळीवर. पाकळ्या आत ओढल्या जाऊन पंखा अडकलेला, ड्राइव्ह तापून लाल, वर हळदी-कुंकवाचा सडा.

"शेठ, हार गळ्यात घालतात. तुम्ही याच्या नाकात घातला!"

सगळे हसले. साहेबही हसले. मी चिडून कॉम्प्रेसरची एअर गन उचलली, तर त्याने माझं मनगटच धरलं. "त्या हवेत पाणी असतं. कुंकू चिखल होऊन कार्डावर बसलं की ड्राइव्ह फेकायचा." माझ्याच वर्कशॉपात, माझ्याच गिऱ्हाइकासमोर! मग निवांत, कोरड्या ब्रशने त्याने एकेक कोपरा झाडला. साहेब स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. त्यानंतर लेथ संध्याकाळपर्यंत एकदाही अडली नाही.

ऑर्डर मला मिळाली. माणूस साहेबांनी नेला.

संक्रांतीनंतर तोच सांगायला आला. मी म्हणालो, "किती देतायत? बोल. मी त्याच्यावर देतो."

"पैशाचं नाय शेठ. फोन आला की पळायचं, ताटावरून उठायचं, लय झालं. मला आता पाळी पाहिजे. सुटली की घरी."

मी आयुष्यभर भाव पाडले. याने भावच सांगितला नाही, तर पाडू काय? मी त्याला बेइमान म्हणालो, आणखीही बरंच बोललो. तो खाली मान घालून ऐकत होता. जाताना माझ्या टेबलावर द्राक्षांची पेटी ठेवून गेला. मी ती कामगारांत वाटून टाकली. एक घड ठेवला.

आता शाफ्टचा टेम्पो आठवड्याला त्याच कारखान्यात जातो. परवा मीही गाडी घेऊन मागोमाग गेलो, उगाच. पाळी सुटत होती. निळ्या गणवेशात, हातात डबा, कुणाशी तरी मोठ्याने हसत तो कंपनीच्या बसकडे चालला होता. मी हॉर्न दिला. त्याने वळून पाहिलं, डबा धरलेला हात उंच केला आणि बसमध्ये चढला. मी गाडीतून उतरेपर्यंत बस वळणावर पोहोचली होती.