पिळाचं दुसरं टोक

त्या दिवशी सकाळी सुनंदाने फलालीन धुतलं. आम्ही दोघांनी ते पिळलं. मी ते गॅलरीत वाळत घातलं. दुपारी ती गेली.

वाळत घातलं होतं ते पिवळं. निळं पिशवीतच होतं; ते ती दुसऱ्या दिवशी भिजवणार होती. आमची मुलगी मेधा हिला सातवा महिना लागला होता, आणि दोन्ही रंगांच्या पट्ट्या जोडून बाळासाठी दुपटं करायचं ठरलं होतं.

आपल्या ठाकुर्लीच्या इमारतीतली बहुतेक मुलं सुनंदाच्या दुपट्यात वाढली, तेव्हा तिची पद्धत तुम्हाला मी काय सांगणार? जुन्या साडीला ती मुद्दाम पाणी दाखवत नसे. "हिचं आटायचं ते आटून झालंय," म्हणायची. फलालीन मात्र कोरं कधी कात्रीखाली घेतलं नाही. कोमट पाण्यात भिजवायचं, पिळायचं, वाळवायचं, मगच कापायचं. नाहीतर शिवल्यावर पहिल्या धुण्यात ते आकसतं आणि शेजारच्या कापडालाही ओढतं. भिजलेलं फलालीन जड होतं. ते एकट्याला पिळता येत नाही. एक टोक तिच्या हातात असायचं, एक माझ्या.

"अहो, ओढा की! शाळेत पोरांचे कान पिळलेत ना एवढी वर्षं?"

वर जाता जाता शालिनीवहिनी जिन्यात थांबायच्या. "जोरात, सर! घरात तेवढाच तुमचा जोर चालतो."

मी ओशाळायचो. हातातलं पुस्तक उपडं ठेवून यावं लागलं, म्हणून कुरकुरायचोही.

महिन्याभराने मेधा मला न्यायला आली. टेम्पोत पुस्तकं चढली. शिवणाची पिशवी मी मांडीवर घेतली. तुम्ही सगळे खाली उतरला होतात. "ठाण्यालाच चाललात सर, अमेरिकेला नाही," कोणीतरी म्हणालं. शालिनीवहिनी म्हणाल्या, "दुपटं बारशाला बघू हं." मी मान हलवली. ते आता कोण शिवणार, हे त्यांनी विचारलं नाही.

मेधाचा टॉवर खोपटच्या एसटी डेपोपासून जवळ आहे. घर मोठं आहे, पण गॅलरी नाही. धुण्याचं मशीन असतं त्या कोपऱ्याला इथे ड्राय बाल्कनी म्हणतात. हे सुनंदाला सांगायला हवं, असं पहिल्या दिवशी वाटलं, आणि मग आठवलं. मला वेगळी खोली दिली आहे. माझे जावई निखिल मला पहिल्यापासून बाबा म्हणतात. तरी मी टीव्ही लावू का म्हणून विचारायचो, आणि कप विसळून होता तिथेच ठेवायचो.

एका दुपारी निळं फलालीन घेऊन बाथरूममध्ये गेलो. बादली भरली. कापड हातात धरून उभा राहिलो. दुसरं टोक कोण धरणार? मेधाचे दिवस भरत आले होते. निखिल घरूनच काम करत पलीकडच्या खोलीत बसले होते. पण लग्नात ज्यांचे पाय धुतले, त्यांना धुणं पिळायला कसं बोलवायचं? मशीन होतं, ते कसं लावतात हे विचारावं लागलं असतं. मी बादली ओतून दिली. ओटीचा खण आपण धुऊन थोडाच देतो, बाळाची भेटही कोरीच असावी, अशी स्वतःची समजूत घातली.

मग दार लोटून शिवत राहिलो. तिच्याजवळ बसून पाहिलेला धावदोरा हाताला येत होता. दाराशी चाहूल लागली की दुपटं उशीखाली जायचं. बाप्याने शिवावं याची लाज होती, की टाके वाकडे होते याची, ते मला अजून उमगलेलं नाही. बारशाला तुम्ही काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "सुनंदाने करून ठेवलं होतं." शालिनीवहिनींनी ते गालाला लावलं आणि डोळे पुसले. मी जिलबी वाढायला निघून गेलो.

पहिल्या धुण्यानंतर दुपटं मशीनमधून निघालं ते तळलेल्या पापडासारखं. निळ्या पट्ट्या आटल्या होत्या आणि मधल्या पिवळ्या फुगून वर आल्या होत्या. मेधा ते पलंगावर पसरून दोन्ही हातांनी सपाट करत राहिली.

"आईने निळं पाण्यातून काढलंच नाही," ती म्हणाली. "तिला बरं नव्हतं का रे बाबा? आपल्याला कळलंच नाही का? ती असं कधी करायची नाही."

"निळं मी शिवलं," मी म्हणालो. "सगळंच मी शिवलं." मग बादलीचंही सांगितलं.

निखिल दारात उभे होते. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "बाबा, मी पलीकडच्या खोलीतच तर होतो. हाक का नाही मारली?"

वाकड्या टाक्यांची वाटली नव्हती एवढी लाज मला या प्रश्नाची वाटली. मी त्यांचा मान राखतोय असं समजत होतो. खरं तर त्यांच्याच घरात राहून मी त्यांना परकं करून ठेवलं होतं. सुनंदा मला हाक मारायची, तेव्हा मी कुरकुरत उठायचो, हेही तेव्हाच आठवलं.

पुढच्या रविवारी त्यांनीच नवं निळं फलालीन आणलं. मी ते भिजवलं आणि हाक मारली, "निखिलराव, जरा या." आधी पीळच पडेना. मेधा बाळाला खांद्यावर घेऊन बघायला आली. "अरे निखिल, उलटं फिरव! जिमला जातोस ते कशाला?" निम्मं पाणी त्यांच्या टी-शर्टवर गेलं. "ओढा की," मी म्हणालो, आणि माझं टोक घट्ट धरलं.

शालिनीवहिनी, तुम्ही गालाला लावलेलं दुपटं सुनंदाचं नव्हतं. तिच्या हातचं कधी काही आटलं नाही. हे ठाकुर्लीला येऊन तोंडावर सांगायचा धीर अजून होत नाही, म्हणून लिहितो आहे. घर कुठे, असं कोणी विचारलं तर माझ्या तोंडून अजून ठाकुर्लीच येतं. पण ओलं कापड हातात असलं, की मी इथे हाक मारतो.

आटलेल्या निळ्या पट्ट्या मी उसवल्या. पिवळ्या ठेवल्या आहेत. त्या होत्या तेवढ्याच आहेत.