दुसऱ्याला न बसणारा कोट

काका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा दारातून आधी छत्री आली, मग नाक आलं आणि बऱ्याच वेळाने उरलेले काका आले. उंची अशी की पंखा बंद करावा की काय, असं मला वाटलं. काळा कोट पार घोट्यापर्यंत. त्यांनी नुसता घसा साफ केला तर शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं. बाबा केस कापायला गेले होते. काकांनी खुर्ची ओढली, वही उघडली आणि आईला विचारलं, "वहिनी, ह्याचा एक दोष सांगा."

चौतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न कोणीतरी विचारेल म्हणून आई वाट पाहत होती. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि समोर बसली.

"एकच?"

"एकच. दोन मिनिटांत तेवढाच मावतो."

मी मधे पडलो. "पण कशासाठी?"

"तुझे बाबा वारल्यावर वाचायला."

"अहो, ते कटिंगला गेलेत!"

"मग येतील की. मला कुठे घाई आहे?"

काका आणि बाबा दोघेही चर्चचे निवृत्त पाळक. धर्मशिक्षण घेताना एकाच बाकावर बसलेले. आमच्याकडच्या पाळकांची वर्षातून एकदा मोठी सभा भरते आणि पहिल्या सकाळी, त्या वर्षात वारलेल्या निवृत्त पाळकांचं स्मरण होतं. माणशी दोन मिनिटं. ती संपली की अध्यक्ष टेबलावरची घंटा वाजवतात, मग गेलेला माणूस कितीही मोठा असो. ही टिपणं काका लिहायचे आणि माणूस जिवंत असतानाच लिहायचे. "मेल्यावर सगळे चांगलेच होतात," ते म्हणायचे, "मग लिहायचं काय, डोंबल?" त्यामुळे काका कुणाकडे गेले की त्या घरात कुजबुज सुरू व्हायची. एका निवृत्त पाळकांनी त्यांना खिडकीतून पाहिलं, मागच्या दाराने पोबारा केला आणि पुढे अकरा वर्षं जगून दाखवलं.

या वेडाला कारण होतं. काकांच्या तरुणपणी एका सभेत सेक्रेटरींच्या हातातले कागद वरखाली झाले आणि त्यांनी एका पाळकाचं टिपण दुसऱ्याच्या नावावर वाचलं. मृदुभाषी, कळपाची काळजी वाहणारे, प्रभूच्या द्राक्षमळ्यात अखेरपर्यंत राबलेले. कुणाला पत्ता लागला नाही. त्या दुसऱ्या पाळकांच्या पत्नी योग्य त्या जागी रडल्या आणि नंतर सेक्रेटरींना म्हणाल्या, "किती अचूक लिहिलंत हो." चूक एकट्या काकांना कळली होती, कारण कागद त्यांनीच टाइप केले होते.

"माझा बाप शिंपी," काका सांगायचे. "एकाचा कोट दुसऱ्याला बसला तर बाप म्हणायचा, हा कोट नव्हे, पोतं आहे. त्या दिवशी आम्ही एका माणसाला पोत्यात घालून पाठवलं."

तेव्हापासून काका माप घेऊन शिवू लागले. सहाशे बाळांना बाप्तिस्मा देणारे एक पाळक होते. प्रत्येक बाळ हातातून पडेल या भीतीने त्यांचे पाय लटपटायचे, म्हणून मागे कायम एक स्टूल ठेवलेलं असे. काकांच्या टिपणात ते स्टूल आलं. दुसऱ्या एकांनी उभ्या आयुष्यात चारच उपदेश तयार केले आणि ते संपायच्या आत बदली मागून घेतली. तेही आलं, त्यांच्या संमतीने. म्हणजे संमती मिळेपर्यंत काका त्यांच्याकडे रोज चहाला जात.

बाबा केस कापून आले तेव्हा त्यांचा दोष वहीत उतरला होता. दर रविवारी उपदेशाआधी ते चर्चमधलं घड्याळ मागे करायचे.

"हे वाचायचं नाही," बाबा गरजले.

"खोटं आहे?"

"खरं आहे, म्हणून तर! आणि पाचच मिनिटं करायचो."

"पंधरा," आई म्हणाली.

शेवटी दहावर तोडगा निघाला. पुढे दोघं म्हातारे दर महिन्याला भेटून त्या टिपणातल्या स्वल्पविरामांवरून भांडायचे. बाबांना इतक्या मजेत मी क्वचितच पाहिलंय.

चार वर्षांनी बाबा गेले. आणि नेमकं त्याच वर्षी नवे सेक्रेटरी आले. तरुण, चटपटीत, बोलतानासुद्धा घड्याळ बघणारे. स्मरणाऐवजी पडद्यावर फोटो, नाव आणि दोन तारखा दाखवायच्या, असा ठराव त्यांनी सभेत मांडला.

"काका, भावना समजतात. पण यंदा नऊ जण आहेत. अठरा मिनिटं जातात. पडद्यावर एका मिनिटात नऊच्या नऊ होतील."

"होतील म्हणजे? माणसं आहेत की फोटोकॉपी?" काका उभे राहिले, म्हणजे बराच वेळ उभे राहत राहिले. "एक करा. जुन्या फायलीतलं एखादं टिपण नाव न घेता वाचा. मग मी आजचं एक वाचतो, तेही नाव न घेता. तुमचा माणूस ओळखला गेला तर पडदा लावा. माझा नाही ओळखला गेला तरी लावा."

अध्यक्षांनी मान डोलावली. आई आणि मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. आईने माझं मनगट असं धरलं की माझी बोटं पांढरी पडली. बाबांचं टिपण वाचलं जाणार की त्यांचे सहा-सात सेकंद होणार, ते आता ठरणार होतं.

सेक्रेटरींनी वाचलं. मृदुभाषी, कळपाची काळजी, द्राक्षमळा. सभागृहातून पाच नावं आली. त्यातले एक तर तिसऱ्या रांगेतच बसले होते आणि आपलं नाव ऐकून संकोचाने हात जोडत होते.

मग काकांनी वाचलं.

"हे रविवारी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये यायचे. लोकांना वाटायचं, प्रार्थनेला. हे खुर्चीवर चढून घड्याळ दहा मिनिटं मागे करायचे..."

"पंधरा!" आई ओरडली.

सभागृह खदखदून हसलं. मागून, पुढून, बाल्कनीतून बाबांचं नाव आलं, एकच नाव. काका हसणं ओसरेपर्यंत थांबले.

"सोमवारी ते घड्याळ पुन्हा बरोबर लावायचे, कारण फसवणं वाईट. आणि इतका बोलणारा हा माणूस, ज्या घरी कुणी वारलं असेल तिथे एक शब्द बोलायचा नाही. स्वयंपाकघरात जायचा, साठलेली भांडी घासायचा आणि घरी यायचा."

आईने माझं मनगट सोडलं. काका बसले आणि मगच घंटा वाजली. ठराव बारगळला. मतदान घ्यायचंही कुणाला सुचलं नाही. सेक्रेटरींनी मात्र जेवणाच्या सुट्टीत काकांना गाठून विचारलं, "माझ्या सासऱ्यांचं लिहिलंय का हो?"

काका आणखी सहा वर्षं वाचत राहिले. एकदाही घंटेला सापडले नाहीत.

"माझं तू लिहायचंस," ते मला म्हणाले होते.

"दोष कुठला घालू?"

"माझ्यात नाही. पण शोध. बापाच्या दुकानापासून सुरुवात कर."

ते गेल्यावर मी जीव ओतून लिहिलं. एक वाक्य काढवत नव्हतं. प्रत्येक वाक्य त्यांच्याच मापाचं होतं, दुसऱ्या कुणाला बसलंच नसतं. सभेत मी सावकाश, स्पष्ट वाचलं. लोक मान डोलावत होते. अध्यक्षांनी घंटा वाजवली तेव्हा काका बावीस वर्षांचे होते आणि बापाच्या दुकानात काजं करत होते.