अब्बा आणि परकोटाची फेरी

मोतीबिंदू काढायला म्हणून अब्बा अहेरीहून माझ्याकडे चंद्रपूरला आले होते. डोळा बरा झाला, पट्टी निघाली, थेंब संपले, तरी रोज रात्री जेवताना म्हणायचे, "उद्या जातो." आणि उद्या उजाडला की काहीतरी निघायचंच. आज जुम्मा आहे. आज गाडीले गर्दी राहते. आज पोटात गुडगुड होऊन राह्यली. माझं तर डोकंच फिरायचं. राहायचं असेल तर राहा ना बाप्पा, सरळ सांगा! कारण मला ते राहायला हवे होते. माझे मिस्टर गेल्यापासून त्या दोन खोल्यांत संध्याकाळी कुकरच्या शिटीशिवाय दुसरा आवाज नव्हता. अब्बा आले आणि निदान भांडायला तरी कोणी झालं. पण हे तोंडाने बोलायला जीभ रेटत नव्हती. मी बांगड्या विकणाऱ्याची पोरगी आहे, पोचट काच पटकन पारखते, पण मनातलं बोलायची वेळ आली की वाचा बसते.

शहर मात्र त्यांना पसंत नव्हतं. "काय आहे इथी? खिडकी पुसली का कोळसा, कपडे वाळू घातले का कोळसा." चंद्रपूर म्हणजे त्यांच्यासाठी बसस्टँड, डोळ्याचा दवाखाना आणि माझं घर. खरं सांगायचं तर माझंही शहर तेवढंच होतं. इतकी वर्षं इथे नर्स आहे, पण घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर, तेही ऑटोत. ऑटोच्या बाजूच्या पडद्यातून जेवढं दिसलं तेवढंच माझं चंद्रपूर.

आमच्याकडे थंडीत एका रविवारी फेरी निघते. जुन्या शहराला गोंड राजांच्या काळातला दगडी परकोट आहे. त्याच्या कडेकडेनं चालायचं, जटपुरा गेटपासून निघून गोल फिरून परत जटपुरा गेटला. ज्याला यायचं तो येतो. वाटेतले मोहल्ले काहीबाही खायला देतात, कुठे तर्री-पोहे, कुठे चहा, कुठे मीठ-तिखट लावलेले पेरू. दवाखान्यातल्या मुली दरवर्षी मला ओढायच्या आणि मी दरवर्षी ड्यूटीचं निमित्त सांगायची. यंदा म्हटलं, अब्बांना नेते. हा माणूस जन्मभर पायी फिरलेला, ऑटोतून त्याला शहर काय पसंत पडणार! पायी दाखवू, चार माणसं दिसतील, जीव रमेल, मग राहील.

अब्बांचं पायी फिरणं म्हणजे बाजाराचं. एटापल्लीकडच्या जंगलातले आठवडी बाजार त्यांनी पायाखाली घातले, डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन. सोबत मीठवाला, कापडवाला, भांडेवाला. जंगलात हे लोक एकामागे एक चालायचे आणि सगळ्यात मुरलेला माणूस सगळ्यात शेवटी. का, तर वाघ-अस्वल मागच्यालाच धरतं, आणि कोणी दमून बसला तर तो मागच्याच्याच नजरेला पडतो. शेवटचा माणूस अधूनमधून "होऽऽ" करायचा आणि पुढच्या एकेकानं त्याला "हो" द्यायची. शिवाय वाटेत कोणी एकटा दिसला, ओळखीचा असो नाहीतर नसो, तर त्याला सोबत घ्यायचा. विचारायचं नाही, नुसतं "चाल" म्हणायचं. लहानपणी हे सगळं आम्ही इतक्यांदा ऐकलंय की मला वाटायचं, आता यातलं काही मला नव्याने कळायचं राहिलेलं नाही.

फेरीच्या सकाळी अब्बांनी इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातला, वर माझं जुनं स्वेटर. मी म्हटलं, "अब्बा, माझ्यासोबत चाला, मी दाखवते सगळं." ते "हाव" म्हणाले, गेटच्या कमानीखालून सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि जाऊन उभे राहिले शेवटी. मी परत मागे आले. "इकडे या ना पुढे." तर म्हणे, "तू चाल. मी मागं आहो." आता भर चौकात बापाशी काय भांडायचं! गेले पुढे.

फेरी म्हणजे काय, लोक आपले घोळक्याने, हसत, फोटो काढत चाललेले. अब्बांना ते बघवेना. पाचेक मिनिटं गेली असतील आणि मागून खणखणीत "होऽऽ" आला. सगळे थबकले. एक कुत्रं भुंकलं. फेरीची सगळी व्यवस्था बघणारे एक निवृत्त मास्तर आहेत, अत्यंत सज्जन, गळ्यात शिटी. ते धावत माझ्याकडे आले, "सिस्टर, बाबांना काही होतंय का?" मी म्हटलं, "काही नाही सर, हजेरी घेऊन राहिले. 'हो' म्हणा, नाहीतर पुन्हा ओरडतील." सरांनी बिचाऱ्यांनी "हो" म्हटलं. मग त्यांच्या मागच्यानं म्हटलं. परकोटाच्या बगड खिडकी नावाच्या लहान दरवाजापर्यंत सगळी फेरी एका ओळीत आली होती आणि "हो" करायला लोकांना मजा येत होती. मीच तेवढी मेल्याहून मेल्यासारखी चालले होते.

खरा गोंधळ पुढे कळला. अंचलेश्वर गेटजवळ चहा होता. सरांनी कप मोजून आणलेले, ते पुरेनात. सर चक्रावले. "निघताना एवढी माणसं नव्हती हो!" मी मागे जाऊन पाहते तर काय, अब्बांच्या पुढे अनोळखी माणसांची शेपटी लागलेली. हातात दुधाची बरणी घेतलेला एक गृहस्थ. खांद्यावर चादरींचं गाठोडं घेतलेला फेरीवाला. ऑटोची वाट बघत उभ्या असलेल्या दोन बाया, सामानाच्या थैल्यांसकट.

"भाऊ, तुम्ही फेरीत आहात का?" मी दूधवाल्या गृहस्थांना विचारलं.

"नाही ना ताई," ते अगदी रडकुंडीला येऊन म्हणाले. "मी दूध घेऊन घरी जाऊन राह्यलो होतो. या चाचांनी म्हटलं, चाल भाऊ, एकटा नको राहू. मले वाटलं, समोरच्या वळणापर्यंत म्हणत असतील."

"मग सांगायचं ना त्यांना!"

"मोठ्या माणसाले नाई कसं म्हणावं?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून बाईचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "दूध आणाले गेले का म्हैस आणाले?" चहाच्या पातेल्याभोवती जो हशा पिकला! मी अब्बांना बाजूला घेतलं. म्हटलं, "अब्बा, हे जंगल नाई. इथी एकटा मानूस उभा असला तं त्याचं त्याचं काम राहते." नोकरीत राहून माझी बोली सुधारली आहे, पण चिडले की अहेरी बाहेर येते. अब्बा शांतपणे फुंकर मारून चहा पित म्हणाले, "कोनी नाई म्हनलं काय?" आणि दूधवाल्या गृहस्थांच्या बायकोला त्यांनी फोनवर स्वतः सांगितलं की तुमचा मानूस माझ्यासोबत आहे, फिकर नको करू, बाई.

पुढे पठाणपुऱ्याकडे वळलो तसं मला खरंच नवल वाटायला लागलं. या शहरात मी राहते? परकोटाला टेकून घरं, घराच्या मागच्या भिंतीचं कामच परकोट करतोय. त्या दगडांवर गोधड्या वाळताहेत, बकऱ्या थेट वर चढून बसलेल्या. एका गल्लीत बांबूच्या कामट्या सोलत बसलेल्या बाया, त्यांच्या पायाशी सुपं आणि टोपल्या. दुसऱ्या गल्लीत कोणी पेरूची फोड हातात ठेवली. झरपट नदीचा वास आला तेव्हा सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले आणि नदीला नाही तर एकमेकांना शिव्या दिल्या. ऑटोवाल्यानं मला इतकी वर्षं हे सगळं टाळून नेलं होतं. मला राग आला आणि मजाही वाटली.

पण अब्बांना ते दाखवायला मिळेल तर ना! एकतर ते मागे. आणि दुसरं म्हणजे लोक मला सोडेनात. दवाखान्यात माणूस मला पलंगावरून लक्षात राहतो. गल्लीत, उभा, कपडे घातलेला, दाढी केलेला तो मी कसा ओळखणार? "सिस्टर! ओळखलं काय?" एका ओट्यावरून हाक आली. दुसऱ्या दारातून एक बाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली, "अगं माय, सिस्टर, तुम्ही इथी?" तिच्या सासूला मी म्हणे रात्रभर पाणी पाजलं होतं. मला आठवेना. एक भला माणूस तर भर रस्त्यात सदरा वर करून उभा राहिला आणि अपेंडिक्सची खूण दाखवत म्हणाला, "पहा ना, टाका दिसत पण नाई!" मी म्हटलं, "दिसत नाही ना, मग झाका." कोणी पाणी देतंय, कोणी पापड. एका पोरीनं मला हात धरून आत नेलं आणि पाळण्यातलं बाळ दाखवलं, कारण ते झालं तेव्हा मी तिच्यावर खेकसले होते, आणि म्हणे त्यामुळेच ते झालं. मी मनातून चरफडत होते. अब्बांना पठाणपुरा गेट दाखवायचं राहिलं, बिनबा गेट दाखवायचं राहिलं, माझा सगळा बेत पाण्यात.

परत जटपुरा गेटला आलो तेव्हा ऊन चढलं होतं. दूधवाले गृहस्थ शेवटपर्यंत आले. दूध नासलं असणार, पण ते सरांना विचारत होते की पुढच्या वर्षी नाव आधी द्यावं लागते काय. मी टपरीवर दोन चहा सांगितले आणि अब्बांना बाकावर बसवलं. पाय दुखतात का विचारलं तर म्हणे, नाही. मग मी मुद्द्यावर आले.

"कसं वाटलं शहर?"

"चांगलं आहे," अब्बा म्हणाले. "लय चांगलं आहे."

माझा जीव भांड्यात पडला. मनात मी त्यांची खाट खिडकीजवळ हलवून पण टाकली.

"उद्या जातो," ते म्हणाले. "सकाळच्या गाडीनं."

"काऊन?" मी ओरडलेच. टपरीवाला बघायला लागला. "आताच चांगलं म्हनलं ना तुमी! माझं काही चुकलं काय?"

"तुले काय वाटलं, मी डोळ्यासाठी बसलो होतो इथी?" अब्बा खाली बघत बशीत चहा ओतत होते. "डोळा तं केव्हाचाच बरा झाला. जावई गेले, तू त्या घरात एकटी. मले वाटे, एवढ्या मोठ्या गावात हिचं कोनी नाई. हिले काही झालं तं दार कोन वाजवन? रोज मनात येई, आज जाऊ. मंग तू ड्यूटीवरून येई, बूट काढे, अन् माझं मन नाई होये. अन् तुले सांगतलं असतं तं तू म्हनली असती, मी नर्स आहो, मले काही नाई होत."

मी अगदी तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

"आज मागून पाह्यलं ना. दर दारातून तुले हाक. तुझं ध्यान नव्हतं, तू चिडून राह्यली होती. मी पाहून राह्यलो होतो. आता मले झोप लागन."

म्हणजे मी या माणसाला शहर दाखवायला आणलं होतं आणि हा माणूस सगळी फेरी मलाच बघत आला होता! मला इतका राग आला, इतकं रडू आलं, की काय आधी करावं ते समजेना. आणि त्या गडबडीत इतक्या दिवसांचं अडकलेलं तोंडातून निघून गेलं, "अन् मले तुमीच पायजे असान तं?"

अब्बांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मले बी तू पायजे, बेटा. पन मी किती दिवस पुरनार? हे लोक पुरतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना अहेरीच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली. मी सूचना देत राहिले, थेंब, टोपी, डोळ्याला हात लावू नका, आणि ते हाव हाव करत राहिले. गाडी निघाली. मी ऑटो केला नाही, पायीच निघाले. भाजीवाली म्हणाली, "सिस्टर, चाचा कुठी?" गावाला गेले, म्हटलं. औषधाच्या दुकानातल्या माणसानं विचारलं, त्यालाही हसून सांगितलं. मग एका गल्लीत ओट्यावर गहू निवडत बसलेल्या एका बाईनं मान वर करून नुसतं म्हटलं, "काल तुमच्यासोबत होते ते वडील काय तुमचे?" आणि मला जे रडू फुटलं ते आवरेचना. गल्लीत उभी राहून, पदर तोंडात कोंबून. ती बाई सूप टाकून उठली, मला हाताला धरून आत नेलं, पलंगावर बसवलं, पाणी दिलं. काही विचारलं नाही. चुलीकडे जाऊन चहा टाकला.

गाडी बल्लारपूरला थांबली तेव्हा अब्बांचा फोन आला.

"पोचली काय घरी?"

"नाई," मी नाक ओढत म्हटलं.

"मंग कुठी आहे?"

"एका बाईच्या घरी."

"कोन बाई?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती चहा गाळत होती. मी तिला आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. "मले नाई मालूम, अब्बा. मी रस्त्यात रडून राह्यली होती तं तिनं आत आनलं."

पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला. कंडक्टर कोणावर तरी ओरडत होता.

"हाव काय," अब्बा म्हणाले. "मंग चहा पिऊनच जाय." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.