मात्सेदिसो म्हणजे सांत्वन

आमच्या दुबईच्या ऑफिसात वाढदिवसाला एचआरवाले केक आणतात, आणि माझा केक दरवर्षी चुकीच्या तारखेला कापला जातो. पासपोर्टवरची तारीख माझ्या खऱ्या जन्मतारखेच्या दीड वर्ष आधीची आहे. "शाळेत लवकर घालता यावं म्हणून बाबांनी मागे ढकलली," असं आई लहानपणापासून सांगत आली. आपल्याकडे घरोघरी हीच कथा, त्यामुळे मी कधी खोलात गेले नाही.

यंदा केक खाताना शेजारच्या टेबलावरच्या बोट्सवानाच्या बाईला हा किस्सा सांगितला. ती हसली. म्हणाली, तुमच्याकडे तारखा खोट्या, आमच्याकडे नावं इतकी खरी की काही लपतच नाही. तिचं नाव मात्सेदिसो. सेसोथो आणि त्स्वाना, दोन्ही भाषांत मुलीला हे नाव ठेवतात. अर्थ, सांत्वन. घरातलं कोणी गेलं, त्यातून लेकरू गेलं, की पुढे जन्मणाऱ्या मुलीचं हे नाव. हिच्या आधीचा भाऊ आठ महिन्यांचा होऊन गेला होता. नाव ऐकलं की तिच्या गावात कोणालाही कळतं, या घरात आधी काय झालंय ते. तिला स्वतःला कोणी समोर बसवून सांगायची गरजच पडली नाही.

"बाई गं! पोरीच्या गळ्यात जन्मभर हे लोढणं कशाला?" मी म्हटलं. लोढणं इंग्रजीत समजावताना माझीच तारांबळ उडाली.

"लोढणं कसलं? मी आले म्हणून आई पुन्हा नीट जेवायला लागली," ती शांतपणे म्हणाली.

रविवारी सकाळी अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये पोहे परतता परतता मी पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. "काय एकेक लोक असतात ना, आई!" मला वाटलं, हसेल. ती चष्मा काढून पुसत बसली. मग म्हणाली, "त्यांनी निदान नाव तरी नवीन ठेवलं."

"म्हणजे?"

म्हणजे असं, की माझ्या आधी एक मुलगी झाली होती. अकरा महिन्यांची असताना तापानं गेली. मग मी झाले, आणि बारशाला आत्यानं माझ्या कानात तिचंच नाव सांगितलं. आईनंच तसं सांगून ठेवलं होतं. बाबांनी माझा जन्म नोंदवलाच नाही. तिचा दाखला घरात होता, तोच माझा म्हणून शाळेत दिला.

"आणि मला लवकर शाळेत घालायचं होतं ते?" मी ओरडलेच.

लवकर शाळा, डोंबल! एक्केचाळीस वर्षं! आई, बाबा, आत्या, मामा, सगळ्यांना ठाऊक, आणि एकानंही मला चकार शब्द सांगू नये? माझ्या एमिरेट्स आयडीवर नाव तिचं, जन्मतारीख तिची, फोटो तेवढा माझा. लग्नात सासरच्यांनी नाव बदलायचं काढलं तेव्हा आई त्यांच्याशी कडाकडा भांडली होती. "माझ्या लेकीचं नाव बदलायचं नाही." माझ्यासाठी भांडली म्हणून केवढा अभिमान वाटला होता मला! वर्षानुवर्षं मैत्रिणींना कौतुकानं सांगत होते मी मूर्खासारखी.

"आई, तू मला हाक मारायचीस तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे कोण यायचं?"

पोहे खाली लागल्याचा वास आला, तरी गॅस बंद करायचं मला सुचेना.

"तू पहिलीत जाईस्तोवर ती," आई म्हणाली. "मग तू."

मी फोन कापला.

आता तीच फोन करते. जेवलीस का, उकाडा कितीय, पोरीची परीक्षा कधी, सगळं विचारते. पण नुसतं "अगं, अगं." नाव म्हणून तोंडातून काढत नाही. दोन महिने मी ते ऐकून घेतलं. गेल्या रविवारी मात्र राहवेना, चिडूनच म्हटलं, "अगं काय सारखं? मला नाव नाही का? नावानं हाक मार."

"चालेल तुला?"

"मार म्हटलं ना."

तिनं हाक मारली. मला ओ देता आली नाही.