शेजारच्या पालीचा खाऊ

पाल घरात येऊ नये म्हणून आमच्या इमारतीत लोक नाना उपाय करत. कोणी ट्यूबलाइटमागे मोरपीस खोचे, कोणी खिडकीत अंड्यांची टरफलं मांडून ठेवी. आमच्या समोरच्या दारातल्या बाईने मात्र पाल पाळली होती. माशांच्या टाकीत वाळू, एक फांदी, कौलाचा तुकडा, वर जाळीचं झाकण आणि आत ती. आपल्या भिंतीवरच्या पालीच्या दुप्पट, राखाडी अंगावर नारिंगी ठिपके. शेजारणीचा नवरा बोटीवर असे. एका फेरीहून येताना त्याने ती बिस्किटांच्या डब्यातून आणली, बायकोच्या हवाली केली आणि परत बोटीवर गेला.

पालीबद्दल माझी काही तक्रार नव्हती. माझं दुखणं वेगळं होतं. माझी मुलगी त्या टाकीसमोरून हलत नव्हती.

आम्ही तेव्हा मरोळला राहायचो. मी आरे कॉलनीतल्या एका सरकारी कचेरीत कामाला होते. मुलगी चौथीत, उशिरा झालेली, एकुलती एक. ती शाळेतून आली की मी घरी पोचेपर्यंत समोर बसायची. व्यवस्था मीच लावलेली होती आणि चांगली होती. बाई मालवणकडची, स्वच्छ, गोड बोलणारी, मूलबाळ नसलेली. यातलं शेवटचं मी तेव्हा सोयीचं धरलं होतं.

पाल आल्यापासून आमच्या घरातलं प्रत्येक वाक्य 'काकी म्हणते' असं सुरू होऊ लागलं.

"काकी म्हणते, पालीच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढी जागा असते ना, त्याच्यापेक्षा रुंद किडा द्यायचा नाही."

"बरं. भात कालव."

"काकी म्हणते, केसाळ सुरवंट द्यायचा नाही. काजवा तर अजिबात नाही. मरते."

"जेव आधी."

"काकी म्हणते, किड्याच्या पोटात जे जातं, तेच पालीच्या पोटात जातं. म्हणून किड्यांना आधी चांगलं खायला घालायचं."

नवरा ताटावरून मान वर करून म्हणाला, "मग आपण पण कोंबडीला आधी विचारून घेऊ, काय खाल्लंस गं बाई?" दोघं हसली. मी ताक वाढलं.

किड्यांना चांगलं खायला म्हणजे गाजर आणि पालेभाजी. इमारतीमागच्या पाण्याच्या टाकीजवळ पकडलेले रातकिडे बाई एका पत्र्याच्या डब्यात, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर ठेवायची आणि त्यांना रोज गाजराच्या चकत्या घालायची. ते गाजर माझी मुलगी चिरत असे, आणि चिरता चिरता अर्धं खात असे. माझ्याकडे तिने कधी गाजराला हात लावला नव्हता. कोशिंबीर, हलवा, काही नाही. रातकिड्यांच्या वाटणीचं मात्र चालायचं. हे मला शेजारणीनेच कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, "छान झालं," आणि घरी येऊन कांद्यावर सुरी जरा जोरातच चालवली.

एकदा मी घरी आल्यावर तिला बोलवायला गेले. दोघी जमिनीवर बसल्या होत्या, मध्ये स्टीलचं ताट. आपण तांदूळ निवडतो तसे त्या किडे निवडत होत्या. मोठे एका कडेला, पाय तुटलेले दुसऱ्या कडेला, पळणाऱ्यांवर वाटी उपडी. बाई सांगत होती, "अगो चेडवा, ह्यो नको, ह्यो मोठो. तो घे, मऊ आसा." मुलगी चिमट्याने उचलत होती. दारात मी उभी आहे हे दोघींच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. निवडणं तिला मी शिकवायचं होतं. दर रविवारी ताट पुढे केलं की तिचं पोट दुखायचं.

मी रडत बसणाऱ्यांतली नाही. मला वाटलं, किडेच हवेत ना? आरेत माझ्याइतके किडे कोणाच्या वाट्याला येणार?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रिकामा डबा घेऊन कचेरीमागच्या गवतात शिरले. पावसाळा नुकताच सरला होता, गवत कमरेएवढं, नाकतोडे टणाटण उडत होते. साडी खोचून मी त्यांच्यामागे. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण व्हरांड्यातून ओरडली, "काय गं, घरी भाजी संपली का?"

"मुलीसाठी नेतेय."

"अगं, पेरू ने की! हे काय?"

नाकतोडा ओंजळीत धरायचा असतो, बोटांनी नाही, हे मला दोन-तीन सुटल्यावर कळलं. हाताला त्यांची तपकिरी थुंकी लागली. रुईच्या झुडपावर एक फारच देखणा बसला होता, पिवळ्या अंगावर निळे पट्टे. तो हलतही नव्हता. अलगद उचलला. घरी जाईपर्यंत बसमध्ये डबा मांडीवर धरून बसले. आत खुडबुड चाललेली, शेजारचा गृहस्थ सरकून बसला.

मुलीने डबा उघडला आणि किंचाळली. आनंदाने. "आई, तू पकडलेस? सगळे तू?" तिने माझ्या कमरेला मिठी मारली. ती मिठी फार टिकली नाही, कारण लगेच ती म्हणाली, "थांब हं, काकीला दाखवून येते."

परत आली ती डबा घेऊन. डब्यात बरेचसे नाकतोडे तसेच होते.

"काकी म्हणते, तीन चांगले आहेत. बाकीचे डोळ्यांच्या मापापेक्षा मोठे. आणि हा पिवळा तर विषारी आहे. रुई खातो ना, रुईचं विष त्याच्या पोटात असतं. काकी म्हणते, रंगीत दिसला की समजायचं, कडू आहे."

तिच्यामागोमाग बाई स्वतः दारात आली. "वहिनी, रागावू नकात हां. तुमका काय म्हाईत! पण मेहनत बघा किती केली."

मेहनत बघा! एवढं कौतुक मला कचेरीत साहेबांनीही ऐकवलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही हो, राग कसला," आणि तो रुईवरचा देखणा गॅलरीतून खाली सोडला.

नंतरचे काही दिवस मी लहान, हिरवे, मऊ तेवढेच आणले. एकही नापास झाला नाही. पण ते पास होत होते समोरच्या दारात. मी आणायचे, तिने तपासायचे, आणि मुलगी दोघींमध्ये टपाल असल्यासारखी ये-जा करायची.

मग आरेतलं गवत गुरांसाठी कापलं गेलं आणि नाकतोडे संपले. टाकीजवळचे रातकिडेही कमी झाले. आणि दिवाळी आली.

दिवाळीच्या आधी मी घर धुऊन काढते. भांडी, डबे, फळ्या सगळं खाली. शेवटी कणकेत साखर आणि बोरिक पावडर मळून गोळ्या करते आणि मोरीजवळ, ओट्याखाली, डब्यांच्या मागे ठेवते. झुरळं त्या खातात, मंदावतात आणि काही दिवसांत उताणी पडतात. आमच्याकडे सासूबाईंपासून हेच चालत आलंय. त्या वर्षीही रविवारी गोळ्या ठेवल्या. मुलगी तेव्हा अर्थातच समोर होती.

आठवड्याच्या मधल्या एका दिवशी फराळाची भाजणी दळून आणायची म्हणून मी अर्धी रजा घेऊन दुपारीच घरी आले. मुलगी शेजारणीकडे ठेवलेली आमची किल्ली घेऊन आली होती आणि आमच्या दारातून बाहेर पडत होती, हातात लोणच्याची रिकामी बरणी. बरणीत झुरळाची पिल्लं, चांगली ओंजळभर.

"आई, बघ! सगळी आपल्या मोरीतली. मी एकटीने पकडली. सगळी मापाची आहेत. आता काकीला काहीच नापास करता येणार नाही. आणि पकडायला एवढी सोप्पी, पळतच नाहीत."

पळत नव्हती हे मलाही दिसत होतं. काचेवर चढताना मध्येच थांबत होती.

समोरचं दार चार पावलांवर, आणि ते उघडंच होतं. मी काही बोलले नसते तर बरणी पलीकडे गेली असती आणि आठवड्याभरात ती टाकी रिकामी होऊन माळ्यावर गेली असती. मुलगी संध्याकाळी घरी बसली असती. हा विचार मला आला. आला आणि तितक्याच पटकन त्याचा दुसरा भागही आला. ती पाल माझ्या मुलीच्या हातून मेली असती.

"थांब," मी म्हटलं. "ती द्यायची नाहीत."

"का? काकीला विचारते."

"काकीला ठाऊक नाही. मोरीत औषधाच्या गोळ्या मी ठेवल्यात. मला ठाऊक आहे."

ती बरणीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ह्यांच्या पोटात..."

"हो."

"म्हणजे पालीच्या पोटात..."

"हो. म्हणून थांब म्हटलं."

ती बरणी माझ्या हातात कोंबून समोर पळाली. दोन मिनिटांत बाई आली, हात ओले, चेहरा उतरलेला. "वहिनी, काल संध्याकाळी मीच एक घातलंय गो तिका. माझ्या मोरीतलं. तुमची-माझी मोरी एकाच पाइपाला. तुमच्याकडून आलं असेल तर? घरधनी जानेवारीत येणार. येताच पहिलं तिका बघणार, मग माका."

तिचं ते 'मग माका' ऐकून मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "चपळ होतं की मंद?"

"चपळ. पळालं, तेव्हा चप्पल लावून अडवलं."

"मग ते गोळी खाल्लेलं नव्हतं. गोळीवाली अशी पळत नाहीत."

तरी आम्ही तिघी जाऊन टाकीसमोर बसलो. बाईच्या डब्यात उरलेला एक रातकिडा मुलीने चिमट्यात धरून पुढे केला. पाल फांदीवर निश्चल. बाईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग फटकन आवाज झाला, रातकिडा गेला, आणि पालीने आपल्याच डोळ्यावरून जीभ फिरवली.

घरी येऊन मी सगळ्या गोळ्या वेचल्या, जागा सोड्याने पुसल्या. ऐन दिवाळीत माझ्या ओट्यावर झुरळं फिरली. चकलीच्या डब्याचं झाकण मी दोरीने बांधून ठेवलं. नवरा म्हणाला, "आता यांनाही फराळ द्यायचा का?"

दिवाळीनंतर एकदा फराळाचं रिकामं ताट परत द्यायला शेजारीण आली. हसत होती, पण नेहमीसारखी नाही.

"वहिनी, तुमच्या लेकीने कान किटवलेत माझे. काही करायला जा, 'आई म्हणते, मंद किडा घ्यायचा नाही. आई म्हणते, आधी पळवून बघायचा.' सकाळ-संध्याकाळ 'आई म्हणते'. मी काय म्हणते, कोणी ऐकतच नाय."

"लहान आहे हो," मी म्हटलं आणि तिला चहासाठी बसवलं. चहात साखर जरा जास्तच पडली.

गाजर मात्र मुलगी समोरच खात राहिली.